अंशतः खरे आहे

आमदार निवास, खोली चारशे अकरा.
गिझर अजून अण्णांच्याच सवयीचा,
दोन लाथा खाल्ल्याशिवाय तापत नाही.
शार्दूलदादा गार पाण्याने आंघोळ करतात
आणि मी काही बोलत नाही.

सत्तावीस वर्षं अण्णांचा पीए, आता त्यांच्या लेकाचा.
शिक्क्यातलं पहिलं नाव ब्लेडने तासून काढलं,
आडनाव तेच. चालतं.

तिकीट तेराव्याच्या आत आलं.
पोस्टरवर दादांचं गोटा केलेलं डोकं;
काका म्हणाले, केस यायची वाट बघू नका.
एकोणतीस हजारांचं लीड.
त्यातली किती मतं त्या डोक्याची,
हे कुठल्याच बूथच्या यादीत सापडत नाही.

आज त्यांचा पहिला तारांकित प्रश्न.
पहाटे चारपासून आरशासमोर
अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय.
इस्त्रीचा कुर्ता घेऊन आलेला रामसमुझ
दारातच ताटकळला,
मधे कुठे घुसावं कळेना त्याला.

यादीत छापलंय ते असं:

(१) मौजे कुपटे येथील नदीवरील पुलाचे भूमिपूजन
सन १९९८, २००४ व २०१३ असे तीन वेळा झाले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर पूल कोठे आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

आणि समोर, मंत्रीमहोदयांचं:

(१) अंशतः खरे आहे.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

तिन्ही नारळ अण्णांनी फोडले.
तिन्ही वेळा टॉवेल धरून मी उभा.
दुसऱ्या वेळी नारळ नासका निघाला होता,
तो मी पटकन उपरण्याखाली घेतला,
फोटोत चांगलाच आलाय.

दादा उपप्रश्नाला उठले.
समोरच्या बाकावरून कुणी ओरडलं, "घरी विचारा!"
सभागृह हसलं. आमच्या बाजूचेही हसले,
जरा उशिराने.
मी बाहेर, लॉबीतल्या टीव्हीखाली.
दादांनी माइककडे पाहिलं, आणि मग जे बोलले
ते कामकाजातून काढून टाकण्यात आलं.
प्रतिवेदनात त्या जागी टिंबांची ओळ आहे.

शब्द सात होते.
त्यात 'बाप' होता, 'खोटं' होतं,
आणि शेवटचा होता 'मीही'.

दुपारभर फोन.
प्रतोदांच्या ऑफिसातून तीनदा.
काका: "त्याला म्हणावं, अजून साडेतीन वर्षं आहेत,
लोक विसरतात."
वहिनीसाहेब: "जेवला का?"
कुपट्याहून एकच, कुणी हिरामण खरे म्हणून;
नुसता विचारत होता,
साहेब खरंच बोलले का, की टीव्हीवाल्यांनी केलं.
त्याला मी काय सांगितलं आठवत नाही.

रात्री खिडकीत बसून कॅन्टीनचा गार वडा.
समोर मंत्रालयाच्या चार-दोन मजल्यांवर दिवे,
त्यापलीकडे समुद्र असतो,
इथून वासच येतो फक्त.
दादा म्हणाले, "दुसाने काका,
अण्णांनी हा प्रश्न कधी लावला होता?"

कपाटाचा खालचा खण, निळी फाईल.
सन दोन हजार, अण्णांचं तिरकं अक्षर,
हाच पूल. तेव्हा नारळ एकच फुटला होता.
कोपऱ्यात माझ्या हातचं: सूचना मागे घेतली.
त्याच संध्याकाळी महामंडळाची पांढरी अँबॅसिडर
खाली येऊन उभी राहिली होती.
दार मीच उघडलं. सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.

"अंशतः," मी म्हणालो.

दादा हसतील असं वाटलं होतं.
ते कागदाचा बोळा करत राहिले,
वड्याचं तेल बोटांना.
मग म्हणाले, "सकाळी सहाला उठवा."

मी म्हटलं, गिझरला दोन लाथा माराव्या लागतात.
अण्णा मारायचे.